दुधाच्या कॅनमधली लेन्स

प्रसेनजीत यांची आणि माझी ओळख २००१ साली शाहूपुरीतील आमच्या साक्षरता वर्गात झाली. ते वर्गाचा फोटो काढण्यासाठी आले होते. टेबलावरचा त्यांचा कॅमेरा उचलून द्यावा म्हणून मी हात पुढे केला, तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच. नंतर त्यांनी माझी क्षमा मागितली आणि आपण असे का वागलो ते सांगितले. तेच येथे लिहीत आहे.

प्रसेनजीत मूळचे कोडोलीचे. शाहूपुरीतील एका स्टुडिओत ते लग्नांचे फोटो काढत. मन मात्र पक्ष्यांत रमलेले. नऊ वर्षे लग्ने केल्यावर त्यांनी दुरून फोटो काढण्याची जुनी लेन्स घेतली. दीड वीत लांब, वजन तीन किलो. ही लेन्स जोडलेली असताना कॅमेरा धरून उचलायचा नसतो, लेन्सच धरायची असते. नाहीतर सगळा भार सांध्यावर येऊन तो वाकतो. हे ते भेटेल त्याला सांगत, आणि भेटेल तो नेमका कॅमेराच धरी.

त्याहून मोठा ताप एसटीचा. लेन्स पिशवीत नेली तर कोणीतरी तिच्यावर बोचके ठेवी. फळीवर ठेवली तर प्रत्येक खड्ड्याला आदळे. एकदा तर एक पैलवान त्या पिशवीवरच बसला आणि उठवल्यावर उलट यांनाच बोलला. तेव्हा प्रसेनजीत यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. गाडीत कितीही गर्दी असो, दुधाच्या कॅनला कोणी धक्का लावत नाही. सांडेल म्हणून लोक पाय आखडून घेतात. त्यांनी वीस लिटरची एक जुनी कॅन मिळवली, आतून आईच्या गोधडीचे तुकडे लावले आणि लेन्स त्यात उभी बसवली.

"ओ पावणं, दुधाची कॅन टपावर," कंडक्टर म्हणाला.

"दूध न्हाय त्यात. भिंग हाय."

"भिंग? म्हंजे दूध दुप्पट दिसाय पायजे व्हय गिऱ्हाइकाला?"

गाडी हसली. प्रसेनजीत कॅन गुडघ्यांत आवळून बसून राहिले.

हा प्रवास १९९९ च्या एप्रिलातला. राधानगरीच्या पुढे जंगलात एका ढोलीत धनेश पक्ष्याचे घरटे होते. मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर फटीतून तिला व पिल्लाला फळे भरवतो. पुण्याच्या एका मासिकाने तो फोटो मागितला होता. आधीची दोन वर्षे प्रसेनजीत पोहोचेपर्यंत ढोली रिकामी झाली होती. यंदा जंगलातले वाटाडे पिराजी यांनी निरोप धाडला होता, "पिल्लू दोन दिसांत भाईर पडंल. लगोलग या."

वाटेत बिद्रीला त्यांची बहीण संघप्रिया हिचे सासर होते. तेथे मुक्काम करून पहाटेची गाडी धरायची असे ठरले. दारात जय भीम झाला आणि संघप्रियाच्या सासऱ्यांनी, आबांनी, कॅनला हात घातला.

"आबा, राहू द्या. मी घेतो."

"आमच्या दारात पावण्यानं वझं उचलायचं? गाव शेण घालंल की माझ्या तोंडात."

दोघांची थोडी ओढाताण झाली. तीत कॅन आपटेल या भीतीने शेवटी प्रसेनजीत यांनीच हात सोडला. आबांनी ती माजघरात अलगद नेऊन ठेवली. कॅनमध्ये काय आहे हे संघप्रियाने त्यांना दोनदा समजावून सांगितले.

पहाटे प्रसेनजीत परसात अंघोळीला गेले. पाहुण्याचे सामान निघण्याआधी दारापर्यंत आणून ठेवावे ही त्या घराची रीत. आबांनी कॅमेऱ्याची पिशवी आणि कॅन रस्त्याकडेच्या सोप्यात आणून ठेवली आणि ते म्हशीला वैरण घालायला गेले. त्याच सोप्यात गल्लीतल्या घरांच्या दुधाच्या पाच कॅन रोज टेंपोची वाट पाहत उभ्या असत.

प्रसेनजीत बाहेर आले तेव्हा सोप्यात फक्त पिशवी होती.

"आबा, कॅन कुठाय?"

"हितंच ठिवली की."

संघप्रियाने रस्त्याकडे पाहत सासऱ्यांना विचारले, "मामा, टेंपो येऊन गेला का?"

आबांनी लुना काढली. संकलन केंद्र दोन किलोमीटरवर. त्या सत्तर वर्षांच्या माणसाच्या मागे बसून प्रसेनजीत वाटेतला प्रत्येक खड्डा मोजत होते. टेंपोवरचा जोतीराम तेथे बिडी ओढत बसला होता.

"ती तुमची व्हय? हलकी लागली, म्हटलं मोकळी हाय, केंद्रावर परत द्यायची आसंल. म्हणून वर फेकली. उतरवताना खाली टायर हुतंच. आत जरा खुळखुळलं बगा."

काच शाबूत होती. पण कॅमेरा जोडायचे कडे वाकले होते. प्रसेनजीत यांनी अर्धा तास खटपट केली, लेन्स बसेना. तरीही त्यांनी पुढची गाडी धरली आणि ते जंगलात गेले. पिराजींच्या शेजारी बसून नर भरवताना त्यांनी डोळे भरून पाहिला. लहान लेन्सने फोटोही काढला. त्यात झाड आले, आकाश आले आणि पक्षी तिळाएवढा आला. तिसऱ्या दिवशी ढोली रिकामी झाली. लेन्स मुंबईहून दुरुस्त होऊन येईपर्यंत पाच महिने गेले. मासिकाने दुसऱ्याच कोणाचा फोटो छापला.

त्यांना सर्वांत जास्त त्रास झाला तो असा, की राग काढायला माणूसच सापडेना. जोतीरामने रोजचे काम केले होते. आबांनी दोन दिवस अन्न घेतले नव्हते. कॅनची युक्ती तर स्वतःचीच. तेव्हापासून ते कोणाकडे गेले तर कोणी सामानाला हात घालू नये म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहून बोलतात, आणि लोक म्हणतात, मोठा फोटोग्राफर झाला, माजला.

त्या दिवशी वर्गाचा फोटो काढून झाला. एवढे सगळे ऐकूनही मी सवयीने त्यांची पिशवी उचलली आणि दारापर्यंत नेऊ लागले. ते धावत आले, त्यांनी पिशवीखाली दोन्ही हात धरले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, माझं वझं मलाच उचलू द्या."