एक टोक दादाचं, एक टोक माझं

मला वायरिंग येतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात ते कोणी मान्य करत नाही. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, तर मुळीच नाही. दादाचा जन्म बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून गेला. मी मालवणच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि गिटार वाजवतो, म्हणजे दादाच्या मते काहीच करत नाही.

चार वर्षांपूर्वी गणपतीच्या मखराला मी दिव्यांच्या माळा लावल्या. त्या लागल्याही! आरतीच्या मध्यावर फट्ट झालं आणि अख्ख्या घरात काळोख पडला, ती गोष्ट वेगळी. तेव्हा दादा सगळ्या वाडीसमोर म्हणाला, "ह्येका वायरीतलो 'व' पण कळना नाय!"

झालं! त्या दिवसापासून आमचा अबोला. घर एक, पडवी सामाईक, चुली दोन. विहिरीचा पंप मी चालू ठेवला की दादा भिंतीकडे बघून म्हणायचा, "पंप बंद करूक कोणाक तरी सांगा गो!" आणि मी भिंतीला उत्तर द्यायचो. भिंत बिचारी कंटाळली असेल, पण आम्ही दोघे हटलो नाही.

मग दादाच्या मुलीचं, मनूचं लग्न ठरलं. तिने सांगितलं की रिसेप्शनला ती आणि जावई आत येतील तेव्हा काकाने गिटार वाजवायची, हळुवार. मी एक छानशी धून बसवली. गिटारचे आवाज बदलणारा डबा बांद्याचा माझा मित्र आंतोन थेट हॉलवर आणणार होता. पायाने दाबायचा स्विचबोर्ड माझा. आता या दोघांना जोडायला मिडी केबल लागते. तिच्यातून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो: 'दोन नंबरचा आवाज लाव', 'तीन नंबरचा लाव', एवढंच.

केबल ऑनलाइन मागवली. खोक्यातून मोबाईलचा चार्जर निघाला! तो परत करून केबल पुन्हा मागवली, तर कुरिअरवाल्याने कळवलं, 'पत्ता सापडला नाही.' (आधी चार्जर पोचवायला सापडला होता मेल्याला!) मी संतापून कुडाळला गेलो, जुन्या रेडिओवाल्याकडून पाच पिनांचे दोन प्लग आणि तार आणली आणि जाहीर केलं, "केबल मी करणार!"

पलीकडून दादा भिंतीला म्हणाला, "लग्नाचो हॉल जाळूचो आसा काय?"

मनू मध्ये पडली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एक टोक बाबांनी करूचा, एक टोक काकान. नायतर माका गिटार नको नि लग्नपण नको!"

तिचा डाव आमच्या लक्षात आला होता. आम्हाला एका तारेवर बसवलं की बोलतील, असं पोरीला वाटलं. बसलो! पडवीच्या या टोकाला मी, त्या टोकाला दादा, मध्ये तार आणि एकमेकांकडे पाठ.

"मनू, बाबांना सांग, लाल तार चार नंबरच्या पिनेला."

"बाबा, लाल चाराक."

"तेका सांग, माका शिकव नको."

या प्लगच्या पिनांना नंबर असतात, पण सरळ नाही. डावीकडून एक, चार, दोन, पाच, तीन! हे ज्याने ठरवलं त्याच्या तोंडावर शिरा पडो. दादाने भिंग काढून प्लगच्या मागे कोरलेले बारीक आकडे वाचले. मी असलं काही केलं नाही. मी शिकलेला माणूस. मी मोबाईलवर प्लगचं चित्र शोधलं, चित्रात चार नंबर डावीकडे, मी लाल तार डावीकडे डकवली. पाच नंबर उजवीकडे, तिथे पांढरी. तापल्या सोल्डरने बोट भाजलं, पण ओरडलो नाही. (दादा ऐकत होता!)

"काका, बाबा म्हणतत, मीटर लावन बगूया."

"माझ्या टोकाला कोणी हात लावायचा नाही!" मी गरजलो. मनू हताश होऊन आत गेली.

लग्नाचा दिवस. दुपार, हॉल खचाखच. आंतोनने डबा स्टेजच्या मागे ठेवला, वायरी खोचल्या आणि निवांत पंगतीत जाऊन बसला. मनू आणि जावई दारात आले. मी पायाने दोन नंबर दाबला, हळुवार आवाजाचा, डोळे मिटले आणि पहिली तार छेडली.

रेडीच्या बंदरात खनिज ओततात ना, तो आवाज! डब्यावर आंतोनचा स्वतःचा, रॉकचा आवाज लावलेला होता आणि माझा निरोप तिथे पोचलाच नव्हता. पुन्हा दोन दाबला. तोच गडगडाट! तीन दाबला, चार दाबला, सगळे दाबले! व्याहीबुवांनी कान झाकले. भटजींच्या हातातला पेढा खाली पडला. कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं. मी ओरडलो, "आंतोन!" आंतोन तिसरी वाटी सोलकढी घेत होता.

इतक्यात दादा दाणदाण पाय आपटत स्टेजवर आला. "बंद कर रे ता! माझ्या चेडवाच्या लग्नात गडगडाट करतंस?"

"तुझ्याच टोकाने घात केलाय!"

"माझ्या? मेल्या, बोटी चलवल्यो माझ्या वायरींनी!"

"मग आता चालव की!"

हे सगळं माईकवरून! चारशे माणसं जेवायची थांबून ऐकत होती. मला एवढा राग आला होता की गिटार आपटणार होतो. तेवढ्यात दारातून मनू ओरडली, "बोललात! बोललात रे एकदाचे!" आणि रडायलाच लागली. मग आम्हाला कळलं की आपण काय केलंय. दादाने नजर चुकवली. मीही चुकवली.

आंतोनने हात धुऊन येऊन डब्यावरच आवाज बदलला, आणि मी धून वाजवली. दादा शेजारी खुर्ची टाकून, केबलची दोन्ही टोकं खोलून बसला होता. धून संपल्यावर त्याने भिंगातून वर पाहिलं.

"पिना तू खंयसून मोजलंस?"

"पुढून. चित्रात होत्या तशा."

"आणि तारो खंयसून डकवलंस?"

"...मागून."

"पाठसून बगलास काय डाव्याचा उजवा जाता रे, मास्तर. इतक्याच इचारलं असतंस तर?"

मी भूगोल शिकवतो. दिशा!

यंदा गणपतीला मखराच्या माळा दादाने लावल्या. मग तो देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभा राहिला आणि आम्ही सगळे मागे हात जोडून. "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे एकत्र उभी आसत. तेंच्या हातून काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझ्या धाकट्या भावाक डावा-उजवा कळण्याची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर ओरडलं. सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा होता. मी भयंकर चिडलो. पण देवासमोर खोटं कसं बोलणार? दात-ओठ खात मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा!"