बर्फातलं भोक

परवा टीव्हीवर बर्फातल्या भोकातून सीलनं डोकं वर काढलं आणि माझ्या नाकात एकदम ओल्या वाळूचा वास भरला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, दुष्काळ होता, आणि मी निलंग्याजवळच्या एका खेड्यात शिक्षिका होते. एके दिवशी वर्गात सील शिकवला होता. गोठलेल्या समुद्रात तो नखांनी खरवडून बर्फातलं भोक उघडं ठेवतो, श्वासासाठी तिथूनच डोकं वर काढतो, आणि पांढरं अस्वल नेमकं तिथंच दबा धरून बसतं. "मग त्यानं वर येऊच न्हाई की, बाई," एक मुलगी म्हणाली होती. त्याच संध्याकाळी मी नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूत खणलेल्या झिऱ्यात उतरून वाटीनं घागर भरत होते. झिरा माझ्या डोक्याइतका खोल, आणि रानातल्या जनावरांनाही पाणी पिता यावं म्हणून गावानं त्याची एक बाजू उतरती ठेवलेली. चढायला वाट तेवढीच. पाण्यावर सावली पडली म्हणून मान वर केली, तर त्या उतारावर लांडगा उभा, बरगड्या वर आलेला. वाळूच्या भिंतीला पाठ लावून मी श्वास रोखला. वरून, काठावरून माझ्यासोबत पाण्याला आलेली शेजारीण हळूच म्हणाली, "बाई, हलू नगा. लई तान लागली हाय त्याला, पिऊन जाईल." तो खाली आला, माझ्या पावलांपासून हातभर अंतरावर लपलप पाणी प्यायला, एकदा माझ्याकडं बघून आल्या वाटेनं गेला. परवा नात म्हणाली, "आजी, बघ ना, किती गोड आहे सील." मी सीलकडं बघतच नव्हते. मी भोकाचा काठ बघत होते.