नारळ बाहेर फोडा

घाटकोपरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या आमच्या गाळ्यात विजेची बटणं बनायची. मशीनच्या साच्यातून प्लास्टिकचे तुकडे पडायचे आणि आम्ही बायका लांब टेबलाशी बसून त्यांत स्प्रिंगा, पत्र्या बसवायचो. हात आपोआप चालायचे, त्यामुळे तोंडंही चालायची. मला दुसरं काम येत नव्हतं, आणि शिकायची वेळ येईल असं वाटलंही नव्हतं.

मग एक दिवस खोके आले. आत आमचीच बटणं, पूर्ण तयार, परदेशातून आलेली. शेठ म्हणाले, "यांना फक्त आपला स्टिकर लावा." मी एक बटण कानाशी धरून दाबलं. खटका छान वाजला. त्याचाच मला राग आला. भिकार असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन माणसं गाळा मोजायला आली. भिंतीवर लेझरचा लाल ठिपका पाडून मापं घेत होती. आम्हाला वाटलं, नवी मशीन येणार. काय आमची अक्कल. त्यांना अडचण नको म्हणून आम्हीच टेबलं सरकवली, वर चहा पाजला. मशीन चालवणाऱ्या मालवणी काकांनी तर खिडकीजवळचा कोपराही ठरवून टाकला. "हयसर ठेवया, वारो लागतलो," ते म्हणाले.

खंडेनवमीला नेहमीसारखी मशीनला झेंडूची माळ घातली. काकांनी हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडायला तिच्यापुढे वाकले. दरवर्षी तो तिथेच फुटायचा.

"काका, बाहेर फोडा," शेठ म्हणाले. "फरशी खराब होईल."

ती फरशी तेल पिऊन पिऊन काळी पडली होती. तिच्यावर साचे आपटले, ग्रीस सांडलं, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नव्हतं. शेजारचा छत्र्यांचा गाळा असाच अचानक घासूनपुसून घेतला होता. आता तिथे काचेचं ऑफिस आहे. गाळा बघायला कोणीतरी येणार होतं, आणि त्यांच्या गाळ्यात आम्ही नव्हतो.

काका जिन्यापाशी जाऊन नारळ फोडून आले. माझ्या हातावर खोबरं ठेवत म्हणाले, "नयी मशीन इली काय तिचोय नारळ भायरच फोडया. फरशी बरी ऱ्हवतली."

मी खोबरं पदराला बांधलं. त्यांच्या पाठीमागे शेठ खाली बसून, मशीनपुढे सांडलेलं कुंकू रुमालाने पुसत होते.