बंद गाडीतलं वाढतं तेल

माणूस मेला तरी पूर्ण जात नाही, तो आपल्या वस्तूंमध्ये थोडाथोडा उरतो, असं म्हणतात. आमचे बाबूजी साधारण तीन लिटर उरले होते.

ते उरले होते आमगावजवळच्या आमच्या घरामागे, टिनाच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली झाकलेल्या गाडीच्या इंजिनात. शेवटचं ऑइल त्यांनी स्वतः ओतलं होतं आणि त्यानंतर काही महिन्यांतच ते गेले. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती छोटी पेट्रोलची गाडी घेतली आणि चालवण्यापेक्षा जास्त पुसली. गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, नात्यातल्या लग्नांना, आणि एकदा चोरखमाऱ्याचा तलाव भरला म्हणून तो पाहायला. याहून लांब तिनं जग पाहिलं नाही. मीटरवरचा आकडा वाचून लोकांना वाटायचं की मीटरच बिघडलाय.

दसऱ्याला मात्र तिचा थाट असे. झेंडूचा हार, लिंबू, नारळ हे सगळ्यांच्याच गाड्यांचं होतं. बाबूजींचं वेगळं होतं. ते बॉनेट उघडायचे, तेल मोजायची सळई ओढून खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसायचे, पुन्हा घालून काढायचे आणि झेंडावंदनाला उभं राहावं तसे ताठ उभे राहून तिच्याकडे पाहायचे. तेल कमी असो की नसो, डब्यातलं थोडं इंजिनात ओतायचेच. "सणाच्या दिवशी तिलाही काही मिळालं पाहिजे," असं म्हणायचे. शाळेत त्यांनी मुलांना अंधश्रद्धेवर भाषणं दिली होती. इंजिन त्या भाषणांच्या कक्षेत येत नसावं.

ते गेले आणि गाडी बंद पडून राहिली. मी गोंदियात नोकरी करत होतो, दिवाळीला गावी जायचो. गेल्यावर ताडपत्री बाजूला करून सळई काढून पाहायचो. गाडीतलं मला तेवढंच कळत होतं. पहिल्या दिवाळीला तेल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. पुढच्या वर्षी खुणेच्या वर. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर.

चालती गाडी तेल खाते, हे मला माहीत होतं. उभी गाडी तेल देते, हे कुठं वाचलं नव्हतं. मी शक्य तेवढा विचार केला. पेट्रोल झिरपत असेल म्हणावं तर टाकी केव्हाच कोरडी झालेली. पाणी शिरलं असेल तर तेल दुधाळ दिसायला हवं, ते तर काळंच होतं. शेडला कुलूप होतं आणि किल्ली आईच्या कमरेला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी दर दिवाळीला त्या टिनाखाली, हातात ओली सळई धरून उभं असताना मानेवरून काहीतरी थंड जायचं. बाबूजींची पुढची सीट बसून बसून दबलेली होती, तो खोलगट भाग अजून भरून आला नव्हता. मी त्या सीटवर कधी बसलो नाही. कारण विचारलं असतं तर मी धुळीचं दिलं असतं.

मग आई पडली. पहिल्यांदा पायरीवर, तेव्हा ती हसली. दुसऱ्यांदा हातपंपाजवळ, आणि शेजारीण पाण्याला येईपर्यंत तिथंच पडून होती. मी म्हटलं, आता गोंदियाला चल. ती नाही म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, शेजारणीनं म्हटलं, डॉक्टरांनी म्हटलं. शेवटी एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "येईन. पण बाबूजीच्या गाडीत येईन. दुसऱ्या कशातच नाही."

"ती गाडी सुरू कुठं होते?"

"त कर."

"एवढ्या वर्षांनी कशी होईल?"

"त मग मी इथंच बरी हाय. कायले मांगं लागून राहिला?"

तिसऱ्यांदा ती पडली आणि शेजारणीला पाण्याची गरज नसली तर काय, हे मला दिसत होतं. म्हणून मी ऑइल घ्यायला निघालो.

गोंदियाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ऑइलचे डबे काचेमागे देवांसारखे रांगेत मांडलेले असतात आणि प्रत्येकावर अमरत्वाचं आश्वासन छापलेलं असतं. दुकानदारानं गाडीचं वय विचारलं, किती चालली ते विचारलं आणि गंभीर झाला. "इतनी कम? भैया, ये तो कुँवारी गाड़ी है. फुल सिंथेटिक डालो, एकदम पतला. मक्खन चलेगी."

मिस्त्रीचं मत नेमकं उलटं. हा आमगावचा, ट्रॅक्टरपासून धान मळायच्या मशीनपर्यंत सगळं उघडणारा आणि त्यातलं बरंचसं पुन्हा बसवणारा. तो म्हणाला, "भाऊ, म्हातारं इंजिन हाय. म्हाताऱ्याले घट्टच लागते. ट्रकचं टाकू, मोठ्या नंबरचं. आवाजच बंद."

"थंडीचे दिवस आहेत. इतकं घट्ट तेल वरपर्यंत पोचेल का?"

"तुमी मास्तरचे पोरं, सवाल लय विचारता. ट्रकमधी पोचते, त हिच्यात काऊन नाई पोचणार?"

एक म्हणत होता गाडी तरुण आहे, दुसरा म्हणत होता म्हातारी. दोघंही खरं बोलत होते, हीच अडचण होती. लोखंड झिजलं नव्हतं, पण रबर सुकलं होतं. पाण्यासारखं पातळ, धुऊन काढणारं नवं तेल घातलं तर कडक झालेल्या सीलमधून ते वाट काढणार. काकवीसारखं घट्ट घातलं तर वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या भागांना पहिल्या फेऱ्यांत काहीच मिळणार नाही. मी दोन-चार दिवस वाचलं. शेवटी गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक काढलं, त्याला बाबूजींनी खाकी कव्हर घातलं होतं. आपल्या हवेसाठी त्यात साधं वीस-चाळीस नंबरचं तेल सांगितलं होतं. तेच घेतलं, साधं, सिंथेटिक नाही. दोनदा पुरेल इतकं. पहिलं आतला मळ घेऊन थोड्याच दिवसांत काढून टाकायचं, दुसरं राहू द्यायचं. दुकानदारानं डबे दिले, पण माझ्याकडं असं पाहिलं जसं मी लग्नात खादीचा सदरा घालून आलोय.

मिस्त्री सकाळी आला. आई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली. त्यानं सळई काढली, पाहिली, पुसली, परत पाहिली.

"भाऊ, हे काय होय? एवढं तेल कोणं टाकलं? सुरू केली असती त सगळे सील फुटले असते."

मी म्हटलं, "कोणीच नाही. आपोआप वाढतं." बोलून झाल्यावर मला माझाच आवाज कसा वाटला ते इथं लिहीत नाही.

"आपोआप कायचं?" आई म्हणाली. "मी टाकते."

आम्ही दोघं वळलो.

"दसऱ्याले. तुह्ये बाबूजी टाकत होते का नाई? मंग मी काऊन नाई टाकू? सणाच्या दिवशी गाडीले उपाशी ठेवू?"

इतकी वर्षं माझ्या मानेवरून जे जात होतं ते कमरेला किल्ली खोचून, नऊवारी नेसून, दसऱ्याच्या सकाळी शेडमध्ये जात होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट अंगावर काटा आला. बंद शेडमध्ये, एकटीनं, बॉनेट उघडून ती उभी राहत असेल, तेव्हा ती कोणाला काय पाजत होती?

मिस्त्रीला तसले प्रश्न नव्हते. "काकू, कोणतं तेल टाकलं?"

"पयले त त्याइच्या डब्यातलं. ते सरलं, मंग शेजारच्या ट्रॅक्टरचं." तिनं कमरेची किल्ली चाचपली. "एका वर्षी जवसाचं टाकलं."

"जवसाचं? काकू, इंजिनात भाजी कराची होती का?"

"तुह्या मायनं बाळंतपणात तेच खाल्लं असंन. म्हणून त तू एवढा झाला."

जवसाचं तेल हवेला सुकलं की त्याची लाकडावरच्या वार्निशासारखी चिवट साय धरते. इंजिनात किती साय धरली आहे ते इंजिनच सांगणार होतं. मिस्त्री आता थट्टा करत नव्हता. त्यानं प्लग काढले, प्रत्येक भोकात नवं तेल थेंबथेंब सोडलं आणि पान्यानं इंजिन हातानं फिरवायला लागला. ते हललं नाही. तो थांबला, परत जोर लावला. आई खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. मग आतून काहीतरी सुटल्यासारखा बारीक आवाज आला आणि पाना सरकला.

खालचा बोल्ट काढल्यावर जुनं तेल घमेल्यात पडायला लागलं. आधी जाड धार, मग बारीक, मग नुसते थेंब. आम्ही तिघंही वाकून पाहत होतो. आईनं डोक्यावर पदर घेतला होता. कधी घेतला ते मला कळलं नाही.

नवं फिल्टर बसलं, नवं तेल पडलं. मिस्त्रीनं वरचं झाकण उघडून व्हॉल्व्हही नीट केले, कारण हात घातलाच आहे तर घालू, हा त्याचा स्वभाव. ताजं पेट्रोल, दुसरी बॅटरी. पहिल्यांदा नुसती घरघर, दुसऱ्यांदा निळा धूर, तिसऱ्यांदा ती सुरू झाली आणि सुरूच राहिली. एकसारखा, मऊ आवाज. तेल कुठूनही गळत नव्हतं.

"पाहा!" मिस्त्री म्हणाला. जणू तेल त्यानं निवडलं होतं.

आई पुढं आली, बॉनेटवर हात ठेवला आणि ऐकत राहिली. बराच वेळ.

"टिकटिक कुठं गेली?"

बाबूजींच्या गाडीला एक टिकटिक होती, टाचणीनं टेबल ठोकावं तशी. वळणावरून ती ऐकू आली की आई चहा ठेवायची. मिस्त्री आनंदानं म्हणाला, "गेली, काकू! तो बिघाड होता. आता बेयरिंग म्हणा, व्हॉल्व्ह म्हणा, सगळं चोख."

आईनं हात काढून घेतला, पदराला पुसला आणि घरात गेली. मी गाडी बंद केली. मला वाटलं, संपलं. योग्य तेल निवडून मी बाबूजींना घमेल्यात काढलं आणि आता ती या घरातून हलणार नाही. दुपारभर ती बाहेर आली नाही. मी ओसरीवर बसून हातपंपाकडं पाहत होतो.

दिवेलागणीला ती बाहेर आली. हातात कपड्यांची पिशवी होती.

"त्यात कोणी नाई आता," ती म्हणाली. "इथं कोणासाठी राहू? सकाळच्या पॅसेंजरनं जाऊ."

"पॅसेंजरनं? आणि गाडी? तू तर दुसऱ्या कशातच येणार नव्हतीस."

"ते असते त आली असती, त्याइच्यासाठी." ती पिशवीची गाठ मारत म्हणाली. "नाई त मले गाडीत उलट्या होते. पयल्या दिवसापासून."