सड्याचा ठराव आणि अर्ध्यावर राहिलेला हात

ग्रामसभेत मत द्यायची आमच्या भावकीची एक पद्धत आहे. कुणी ती लिहून ठेवलेली नाही. हात वर करायची वेळ आली की आम्ही सगळे आधी थोरल्या चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे बघतो. त्याचा हात वर तर आमचे वर, त्याचा मांडीवर तर आमचेही मांडीवर. रस्ता, पाण्याची टाकी, शाळेचं छप्पर, सगळं असंच झालं. माझी पन्नाशी उलटली, पण मला यात कधी कमीपणा वाटला नाही. विचार करायचे कष्ट वाचत होते.

यंदा मात्र ठराव मीच मांडणार होतो. गावावरच्या सड्यावर, त्या जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, कुठलीशी कंपनी बंगले बांधणार होती. सड्यावर मुरलेलं पाणी खाली झऱ्याला येतं आणि त्या एका झऱ्यावर आमच्या वाडीचं पिणं आणि पोफळी चालतात. वर सुरुंग लागले की झरा गेला, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून ठराव असा, की सड्यावरच्या बांधकामाला ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखला देऊ नये.

ही कल्पना पहिल्यांदा दादालाच सांगितली.

"मांड तू," तो म्हणाला. "माका चार माणसांत बोलूक येना नाय. तुझो आवाज बरो आसा."

माझ्या आवाजाला बरं म्हणणारा हा आयुष्यातला पहिलाच माणूस, त्यामुळे मी पुढचं काही विचारलंच नाही. कट्ट्याच्या बाजारपेठेत जाऊन ठराव टाइप करून आणला. दादा माझ्याबरोबर घरोघर हिंडला. मी पडवीत बसून झरा समजावून सांगायचो, तो शेजारी बसून चहा प्यायचा आणि मान डोलवायचा. मला वाटायचं, माझ्या मुद्द्यांना डोलवतोय.

ग्रामसभा शाळेत भरली. मी कागद वाचायला लागलो तसा मागून एक होडीवाला ओरडला, "भाऊ, कागद ठेव बाजूक, तोंडान बोल!" मी कागद ठेवला. मग तोच उभा राहिला. "झरो तुमच्या वाडीचो. आमची पोरां गोव्याक जावन हाटेलात ताटां धुतत. तीच हंय धुतली तर तुमचा काय बिघाडला?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याचा मुलगा खरोखरच तिकडे आहे. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "हंय धुतली तरी ताटांका पाणी लागतला मा?"

सभा हसली. होडीवालाही हसला. दादा तर डोळे पुसेपर्यंत हसला. जिंकलो, असं मला वाटलं.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत," सरपंच म्हणाले.

सवयीने मी दादाकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते आणि तो छताचा पंखा बघत होता. त्याच्यामागे भावकीची अख्खी रांग हात मांडीवर ठेवून बसली होती. आणि माझा स्वतःचा हात, ठराव मांडणाऱ्याचा हात, कानापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग तिथवर आलाच आहे तर म्हणून मी कान खाजवला. भानावर येऊन हात वर नेला तोवर ग्रामसेवक आमची रांग मोजून पुढे गेले होते.

ठराव थोडक्यात पडला.

चपला घालताना मी दादाला गाठलं. "दादा, हात कित्याक वर केलंस नाय?"

"सड्यावरचो माझो तुकडो मी दिलंय. गेल्या आठवड्यात सही झाली."

"मगे माका बोलूक कित्याक सांगलंस?"

"तू घराघरात फिरलंस म्हणान कंपनीवाले घायकुतीक इले. भाव वाढवन दिल्यानी." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझे उपकार मी इसरूचंय नाय."

म्हणजे मी त्याचा दलाल निघालो, तोही बिनपगारी. आणि वाईट याचं की तो हे सांगताना जराही लाजला नाही. उलट माझं खरंच कौतुक करत होता.

घरी आलो तेव्हा बायको आडाळ्यावर खोबरं किसत होती. मी दादाला शिव्या घातल्या, भावकीला घातल्या, पडवीपडवीतला चहाही उकरून काढला. शेवटी म्हटलं, "आमच्या घरातसून एक हात वर गेलो नाय गो, एक!"

"एक गेल्लो," ती म्हणाली.

"कोणाचो?"

"माझो. बायकांच्या रांगेत आमच्या घरातलो तेवढोच होतो. तुमी बगलात नाय?"

मी बघितलं नव्हतं. तिकडे बघायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

"मी तुमच्याकडे बगी होतंय," ती म्हणाली. "तुमी कान खाजवी होतात."

दादासाठी राखून ठेवलेल्या चार शिव्या अजून माझ्या तोंडात होत्या, पण त्या आता कुणाला द्यायच्या ते कळेना. तिने किसलेलं खोबरं ताटात गोळा केलं, हात झटकले आणि विचारलं, "झरो आटलो तर पाणी खंयसून हाडूचा, ता सांगा."

मी अजून सांगितलेलं नाही.