कच्चा कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. दर नाताळच्या आधी चर्चमध्ये कुमसार करायला, म्हणजे पापं कबूल करायला, फादरांपुढे गुडघे टेकतो. राग, आळस, शेजाऱ्याशी बांधावरून झालेली भांडणं, सगळं सांगतो—आणि हे एवढं गिळून उठतो. उठायला वेळ लागतो. बायको म्हणते, गुडघ्यांना तेल लावा.

तुम्हाला सांगतोय. का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर झोप लागत नाही म्हणून असेल. लिहायला बसताना खोलीचं दार लावून घेतलंय, एवढं मात्र खरं.

मी वसईतल्या एका हायस्कूलमध्ये संगीत शिकवतो. घर जवळच्याच गास गावात. आमच्या घरातले सगळे चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेले, त्यामुळे मला बाराखडीच्या आधी नोटेशन वाचता यायचं. पुढे सॅक्सोफोन हातात आला, लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं. कागद समोर ठेवा, काहीही वाजवून देतो. पण कागद काढून घेतला की—काय सांगू? चार सुरांची साधी ओळसुद्धा माझी मला सुचत नाही. कधीच सुचली नाही.

आणि असा माणूस नववीच्या मुलांना काय शिकवतो? बीबॉप.

शाळेनं पाश्चात्त्य संगीताचा तास सुरू केला, त्यात जॅझ आलं, आणि जॅझमध्ये बीबॉपचा जन्म. खरं सांगायचं तर हा धडा मला फार आवडतो. फळ्यावर न्यूयॉर्क काढायचं, त्यात हार्लेम दाखवायचं. तिथले काळे वादक मोठमोठ्या बँडमध्ये नोकऱ्या करायचे. लोक नाचायला यायचे आणि हे समोरच्या कागदावरचं वाजवायचे, रोज तेच. काम संपलं की एखाद्या छोट्या क्लबात जमायचे आणि मग स्वतःसाठी वाजवायचे. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं घ्यायचं, त्याच्या खालच्या कॉर्ड्स, म्हणजे साथीला एकत्र दाबलेले सूर, तेवढ्या ठेवायच्या आणि वर नवीच चाल रचायची—वेडीवाकडी, सुसाट, तिथल्या तिथे. मग त्या कॉर्ड्सही बदलायच्या. जी यायला हवी तिच्याऐवजी शेजारची, अर्ध्या सुरावरची घालायची. ज्याला झेपलं तो टिकला, ज्याला नाही त्यानं वाद्य गुंडाळायचं. आणि बीबॉप म्हणजे काय, सर? तर तबल्याचे बोल असतात ना, तसं—चाल तोंडानं म्हणताना निघालेला आवाज. इथं वर्ग उसळतोच. "बीबॉप, भेळपाव!" असं मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं आणि मी रागावल्यासारखं करतो.

मग ते वाक्य येतं. दर वर्षी येतं. "सर, वाजवून दाखवा ना."

मी सॅक्स काढतो, डोळे मिटतो, सुचतंय असं वाटावं एवढा वेळ थांबतो आणि वाजवतो. अवघड असतं ते. वाजवून झाल्यावर कपाळ पुसतो आणि म्हणतो, "आत्ता सुचलं तसं."

ते आत्ता सुचलेलं नसतं. तरुणपणी एका कॅसेटवरचा तो तुकडा मागेपुढे करकरून मी कागदावर उतरवला होता आणि बोट न् बोट पाठ केला होता. दर वर्षी तोच. थांबायची जागा तीच, डोळे मिटायचे तेही तिथेच. घाम तेवढा खरा. वर्ग दर वर्षी नवा असतो आणि प्रत्येक वर्ग तो तुकडा एकदाच ऐकतो. कळणार कुणाला?

पण भीती जाते का? धाकटी भावंडं येतात वर्गात. आता तर फोन आले. कुणी रेकॉर्ड केलं आणि मागच्या वर्षीच्या रेकॉर्डिंगशेजारी लावलं तर? म्हणून माझ्या तासाला फोन बंद म्हणजे बंद. शिस्तीचा मास्तर असं नाव आहे माझं शाळेत.

ही झाली लबाडी. नुसती लबाडी असती तर कधीतरी हसत हसत बोलूनही टाकली असती. मला सांगायचंय ते हे नाही. मी पुन्हा आडवळणानं चाललोय—

दर्शना. आगाशीची. बऱ्याच वर्षांपूर्वी नववीत होती.

माझ्या वर्गातली बरीच मुलं क्वायरमधली, नोटेशन वाचणारी. ती तशी नव्हती. तिचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि ती त्यांच्या मांडीला टेकून वाजवायला शिकली होती. कागद दिला तर उलटा की सुलटा, इथून सुरुवात. पण एकदा ऐकलं की हातात. मला तिची धास्ती वाटायची. हो, नववीतल्या मुलीची.

त्या वर्षी धडा झाला, पोरांनी वाजवा म्हटलं. मी दर्शनाला कीबोर्डवर बसवलं. चार कॉर्ड्स दिल्या आणि म्हटलं, याच फिरून फिरून वाजवत राहा. मागे बँड असल्यासारखं वाटावं, ही हौस माझीच. डोळे मिटले. पहिला फेरा छान गेला. दुसऱ्या फेऱ्यात तिनं तिसरी कॉर्ड बदलली.

चुकून नाही हो. ती शेजारच्या, अर्ध्या सुरावरच्या कॉर्डवर गेली आणि तिथून अलगद मूळ सुरावर, घरी, उतरली. मी नुकतंच फळ्यावर लिहिलं होतं, तेच. तिला कुणी करून दाखवलं नव्हतं. तिनं ऐकलं, तिला पटलं, तिनं केलं. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीचा जन्म शिकवत होतो ती गोष्ट माझ्या पाठीमागे, दुपारच्या तासाला, खरोखर घडली.

खऱ्या वादकानं काय केलं असतं? हसला असता, तिच्या मागे गेला असता. मला जायला वाटच नव्हती. पाठ केलेला सूर त्या कॉर्डवर कचकन घासला, पुढचं बोट कुठलं ते आठवेना आणि मी थांबलो. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं. ते माझ्यावर हसलं होतं.

दर्शनाचे हात कीबोर्डवरच होते. "सर, मला तिथं असं वाटलं की—"

मी तिला पुरं बोलू दिलं नाही. म्हणालो, "कान कच्चा असला की असंच वाटतं. सूर ओळखता येत नाही आणि निघालीस साथ करायला. ऊठ."

ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं; रागावलेल्या मास्तराचं पोरं मनावर घेत नाहीत. मी डॉक्टरनं आजार सांगावा तसं शांतपणे सांगितलं. ती उठली. तिच्या जागी क्वायरमधला एक जण बसवला, त्यानं सांगितल्या तशा चार कॉर्ड्स दिल्या आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. टाळ्या पडल्या. दर्शनानंही वाजवल्या.

दोन-तीन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. गेटपाशी दिसले तेव्हाच मनात आलं: या माणसाला सूर कळतो, पोरीनं घरी वाजवून दाखवलं असणार, हा आता सगळ्यांदेखत विचारणार. ते आले. संगीताच्या खोलीबाहेर चपला काढल्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा.

"सर, पोर जेवत पन नाय. तिचा कान खरंच कच्चा हाय काय?"

एवढंच. 'नाही हो, रागात बोललो'—एक वाक्य पुरलं असतं. त्यात माझं काहीच उघडं पडलं नसतं. कॅसेट नाही, तुकडा नाही, काही नाही. पण मग ती परत आली असती. पुढच्या तासाला पुन्हा माझ्या मागे, कीबोर्डवर.

मी म्हणालो, "थोडा आहे."

"तुमी सांगता म्हनजे असनारच," ते म्हणाले. "लवकर सांगितलंत ते बरं झालं. आमाला काय कलनार?" चपला घातल्या आणि गेले.

दर्शनानं संगीत सोडून चित्रकला घेतली. घरच्या पेटीलाही आता हात लावत नाही, असं तिच्या वर्गातल्या मुलींकडून कानावर आलं. तेव्हा मला काय वाटलं असेल? वाईट? हायसं वाटलं. नीट वाचा, हायसं वाटलं.

पुढे ती आगाशीच्या बाजारात दिसली की मी दुसऱ्या गल्लीत शिरायचो. ती मात्र लांबूनच "सर!" म्हणून हात करायची. मग लग्न होऊन बोळिंजला गेली, असं ऐकलं. मी पुन्हा बाजारातून सरळ चालायला लागलो.

गेल्या महिन्यात फाटकाशी स्कूटी थांबली. दर्शना. बरोबर मुलगी, पहिलीतली. बायकोनं त्यांना ओटीवर बसवलं, चहा ठेवायला आत गेली. मला वाटलं, आली. इतक्या वर्षांनी हिला कळलं आणि ही विचारायला आली.

"सर, हिचं नाव म्युझिकला घालायचंय," ती म्हणाली. "म्हटलं आधी सरांना दाखवू. तुम्ही खरं ते सांगता. मला कसं तोंडावर सांगितलं होतंत! नाहीतर मी बसले असते पेटी बडवत." ती हसत होती. टोमणा नव्हता, मी तिच्या चेहऱ्यावर शोधला. "ही माझ्यावर गेली असेल तर आत्ताच सांगा. आजोबा म्हणतात हिला येतं, पण आजोबाच ते."

मुलीनं शाळेतली प्रार्थना म्हटली. स्वच्छ सूर. मी म्हणालो, "कान चांगला आहे. घाला नाव."

"बघ, आजोबांवर गेलीयस," दर्शना तिला म्हणाली. "मम्मीसारखी कच्ची नाहीस."

इथं तरी? इथं तरी बोलायला काय झालं होतं? बायको आत होती. मी तोंड उघडलंही होतं, शपथ घेऊन—नाही, शपथ नको.

"आणि सर, तुम्ही तेव्हा काय वाजवलं होतंत! अजून डोक्यातून जात नाही," असं म्हणून ती गुणगुणायला लागली.

माझा तुकडा. एकदा, फार तर दीडदा ऐकलेला, इतक्या वर्षांपूर्वी, तोही रडू दाबत. तो उतरवायला मला अख्खा हिवाळा लागला होता. तिचा एक सूर इकडचा तिकडे नव्हता. मांडीवर डाव्या हाताची बोटं खालच्या कॉर्ड्स धरत होती. तिला ते कळतही नसावं. दुसरा फेरा आला, तिसरी कॉर्ड आली आणि तिची बोटं शेजारी सरकली, अर्ध्या सुरावर. या वेळी तिनं वरची चालही तिकडे वाकवली. ते असं बसलं, की जणू आधीपासून तिथेच होतं. तो तुकडा आता कॅसेटवरचा नव्हता, माझा तर नव्हताच.

ती थांबली. जीभ चावली.

"इथंच चुकले होते ना मी, सर?"

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "इथंच."

तिनं मान डोलावली. चहा घेतला, बायकोशी बोळिंजच्या पाण्याबद्दल बोलली. निघताना वाकून मला नमस्कार केला, मुलीलाही करायला लावला. दोन्ही नमस्कार मी घेतले.