डोंगरावरचा चारशे सतरा

ऑरिन हलाडकीच्या ट्रकच्या दोन्ही दारांवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘हलाडकी आणि हलाडकी, सिडनी, नेब्रास्का’. वाचणाऱ्याला वाटायचं, दोघा भावांचा धंदा असेल. पण दुसरी हलाडकी म्हणजे त्याची बायको लेनोरा. ऑरिन नुसता ट्रक चालवायचा, धंदा चालवायची ती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोनवर माल शोधायचा, दलालांशी घासाघीस करायची, कुठल्या घाटात वारा सुटलाय ते बघून नवऱ्याला जिथल्या तिथे उभं करायचं, ही सगळी तिची कामं. दलाल तिला टरकून असत. पडेल भाव ऐकला की ती म्हणायची, “थांब,” आणि गप्प बसायची. समोरच्याला ती शांतता सोसायची नाही, आणि तो आपणहून वर चढायचा.

पानगळीत तिला मेंदूचा झटका आला. महिन्याभरात ती चालायला लागली, कप धरायला लागली, समजत तर सगळं होतंच. पण शब्द गेले. एवढ्या बोलक्या बाईकडे एकच शब्द उरला, तोही नेमका तो. कॉफी हवी असली तरी “थांब”, राग आला तरी “थांब”, रात्री दिवा मालवतानाही “थांब”. ऑरिन हसून म्हणायचा, “अगं, थांबलोय की, कुठे चाललोय?” आणि मग बाहेर ट्रकमागे जाऊन रडायचा.

एका हलाडकीची वाचा गेल्यावर दुसऱ्याने करायचं काय? फोनवर बोलायचं म्हटलं की ऑरिनच्या तोंडाला कुलूप. दोनदा त्याने दलालांशी सौदा केला आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याला हसत हसत कापला. आता ट्रक कंपनीकडे लावायचा, एवढाच मार्ग दिसत होता. ट्रक आपला, चालवणार आपण. माल कंपनी देणार, कुठे जायचं, कधी निघायचं, तेही तीच सांगणार. लेनोराची बहीण आर्डिथ घर सांभाळायला आली होती. ती रोज म्हणायची, “सही करून टाक रे बाबा. अभिमानाने दवाखान्याची बिलं भागत नाहीत.”

कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथे माणसांनाही नावं नसतात. ठरलं ते असं. आधी एका फेरीपुरता करार. सॉल्ट लेक सिटीला माल पोचवायचा, आणि पटलं तर तिथेच कायमच्या करारावर सही. त्यांनी दारांवर चिकटवायला लोहचुंबकाच्या दोन पाट्या दिल्या. वर कंपनीचं नाव, खाली आकडा, ४१७. पाट्या बरोब्बर पिवळ्या अक्षरांवर बसल्या. लेनोरा खिडकीत उभी राहून ते बघत होती. “थांब,” ती काचेला ओठ लावून म्हणाली. ऑरिनने हात हलवला आणि निघाला.

वाटेतल्या लॅरमी गावात त्याने डिझेल भरलं. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या फर्नने आकडा विचारला, कारण कंपनीच्या चालकांना कॉफी फुकट असते. तिने बटणं दाबली आणि चष्म्यावरून बघितलं.

“चारशे सतराने सकाळीच नेली की कॉफी.”

“मी सकाळी नेब्रास्कात होतो, बाई.”

“मशीन म्हणतंय, नेली.” मग तिचा हात थबकला. “अरे देवा. हा तर वर्लिनचा आकडा. त्यांनी तो तुला दिला? माणूस जाऊन वर्ष नाही झालं रे अजून.”

वर्लिन स्ट्राउडच्या शवपेटीला ऑरिनने खांदा दिला होता. वर्लिनला तो वर्लिन म्हणूनच ओळखायचा. कितीदा घरी जेवायला आलेला, लेनोराच्या सूपवर जीव असलेला, रेडिओवर अखंड बडबडणारा. मागच्या हिवाळ्यात एल्क माउंटनवर वाऱ्याने त्याचा रिकामा ट्रेलर उचलून आडवा केला. त्याला आकडा होता हे ऑरिनच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. त्याने कंपनीत फोन लावला. त्याला कामं देणारी केलीन नावाची मुलगी फार गोड बोलायची.

“रिकामे आकडे सिस्टीम पुन्हा वापरते, चारशे सतरा,” ती म्हणाली. “त्यात काही विशेष नाही. तुम्ही निघताय ना?”

“वाऱ्याचा इशारा आहे. माझ्या ट्रेलरमध्ये नुसते कागदी रुमाल आहेत, हलका आहे मी.”

“रस्ता बंद केलेला नाहीये. ग्राहक वाट बघतोय.”

लेनोरा बोलती असती तर तिनेच ग्राहकाला झापलं असतं आणि ऑरिन लॅरमीलाच झोपला असता. आता झापणारं कुणी नव्हतं. तो निघाला.

लॅरमीच्या पुढे आकाश निळंशार होतं, ऊन लख्ख पडलं होतं, आणि जमिनीवर मात्र बर्फाचा पांढरा लोट रस्ता आडवा कापत पळत होता. चाकं दिसत नव्हती, रस्ता दिसत नव्हता. पुढच्या ट्रकांची फक्त छपरं त्या पांढऱ्यावरून तरंगत चालली होती, कुठलाही आवाज न करता. मग छपरंही दिसेनाशी झाली.

अशा वेळी ट्रकवाले रेडिओवर एकमेकांना धरून चालतात. सगळ्यात पुढे असतो त्याला म्हणायचं पुढचं दार, सगळ्यात मागे असतो तो मागचं दार. पुढचं दार सांगतं ते मागच्याने डोळे मिटून ऐकायचं. डोळ्यांचा तसाही उपयोग नसतो. त्या वाटेवर बायकोवर नसेल एवढा विश्वास पुढच्या दाराच्या आवाजावर असतो.

“मागचं दार बोलतोय,” ऑरिन रेडिओत म्हणाला. “पुढे कुणी आहे का?”

खरखर. मग अगदी कानाशी बोलल्यासारखा आवाज आला. “आहे ना बाबा. पुढचं दार बोलतोय. रस्ता मोकळा आहे. ये.”

“वारा किती आहे?”

“वारा कसला? झुळूक आहे. तू चारशे सतरा ना? मग झालं तर. आपल्यातलाच तू. ये, सूप गार होतंय.”

सूप गार होतंय, हे शब्द त्या रस्त्यावर एकाच माणसाचे होते. माइक ऑरिनच्या हातातून निसटला आणि वायरीला लोंबत राहिला. वाईट म्हणजे आवाजात दुष्टावा अजिबात नव्हता. एकटा पडलेला माणूस ओळखीचं कुणी दिसल्यावर बोलतो, तसा तो बोलत होता. आणि ऑरिनचा पाय, इतक्या वर्षांच्या सवयीने, वेग कमी करायच्या ऐवजी वाढवत होता. पुढचं दार ये म्हणालं की जायचं असतं.

“इथे बरं आहे,” आवाज म्हणाला. “काही ठरवावं लागत नाही. नुसतं यायचं.”

तेवढ्यात फोन वाजला. आर्डिथ रोज दुपारी लेनोराला फोन लावून द्यायची, नवऱ्याचा आवाज तरी कानावर पडावा म्हणून. ऑरिनने बटण दाबलं.

“थांब,” लेनोरा म्हणाली.

रोज तेच म्हणायची ती. कालही म्हणाली होती, उद्याही म्हणणार होती. ऑरिनला हे ठाऊक होतं. तरी त्याने पाय उचलला. उजवीकडे आर्लिंग्टनच्या फाट्याची पाटी बर्फातून वर डोकावली, आणि तो हळूहळू फाट्याच्या उतारावरून खाली आला नि उभा राहिला. ट्रेलर हिंदकळत होता.

दुसरा फोन केलीनचा होता. “वा, चारशे सतरा! झपाट्याने चाललात की. डोंगर पार झाला की तुमचा.”

“मी आर्लिंग्टनला उभा आहे, पोरी.”

“नाही हो. स्क्रीनवर तुम्ही एल्क माउंटनच्या पलीकडे आहात. चाललाय अजून ट्रक.” तिच्या गोड आवाजाला पहिल्यांदाच तडा गेला. “तुम्ही नाही, तर मग कोण?”

ऑरिन खाली उतरला. वारा माणसाला उभं राहू देत नव्हता. चालकाच्या बाजूची पाटी वाऱ्याने कधीच ओरबाडून नेली होती, आणि दारावर पिवळी अक्षरं उन्हात चमकत होती. तासाभरात डोंगरावर ट्रेलर आडवे झाल्याची बातमी आली आणि रस्ता बंद झाला. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

वारा पडल्यावर त्याने सॉल्ट लेकला माल पोचवला आणि कंपनीच्या खिडकीत उरलेली पाटी ठेवली.

“दुसरी कुठाय?” कारकुनाने विचारलं.

“डोंगरावर. ज्याची होती त्याच्याकडे.”

“आणि कराराचं?”

“नको,” ऑरिन म्हणाला, आणि ट्रककडे परतला.

घरी आर्डिथने डोक्याला हात लावला. “नको म्हणालास? आणि आता दलालांशी बोलणार कोण, तुझा तो मुका ट्रक?”

ऑरिनने लेनोराचा कोट खुंटीवरून काढला, तिच्या खांद्यांवर घातला आणि तिला ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर बसवलं. पहिला दलाल फोनवर भाव बोलला. ऑरिनने नुसतं लेनोराकडे बघितलं.

“थांब,” ती म्हणाली, आणि गप्प बसली.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग दलाल खाकरला. “लेनोरा? बऱ्या झालात तुम्ही? बरं, बरं, वाढवतो.” ऑरिनने तोंडावर हात दाबून हसू आवरलं. लेनोराने आवरलं नाही.

वसंतात ती दोघं पुन्हा त्याच रस्त्याला लागली. या खेपेला वारा नव्हता, डोंगरावर गवत हिरवं झालं होतं, रेडिओवर कुणी गाई रस्त्यात आल्याचं सांगत होतं. आर्लिंग्टन मागे पडलं आणि रेडिओवरचे आवाज एकेक करून विझले.

“पुढचं दार बोलतोय,” रेडिओ म्हणाला. “कुणी आहे का मागे? रस्ता मोकळा आहे. ये ना कुणीतरी. सूप गार होतंय.”

ऑरिन रेडिओ बंद करायला हात पुढे करणार, तोच लेनोराने माइक उचलला. वर्लिनला आग्रह करकरून वाढणारी बाई ती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, भीती नव्हती.

“थांब,” ती म्हणाली. अगदी मायेने, दमलेल्या पोराला म्हणावं तसं.

कितीतरी वेळ नुसती खरखर येत राहिली.

“बरं, लेनोरा,” आवाज म्हणाला.

मग गाईंचं सांगणारा तो माणूस पुन्हा बोलायला लागला. लेनोराने माइक जागेवर लावला आणि कॉफीचा थर्मास झाकण उघडायला ऑरिनच्या हातात दिला.